इथे, किंवा इथेच कुठेतरी

मराठी भिंतीवर ‘येथे’ हा शब्द दिसला की पुढे काहीतरी मनाई येणार हे ठरलेलं. येथे वाहने उभी करू नयेत. येथे थुंकू नये. आपण वाक्य पुरं वाचतसुद्धा नाही, पहिल्या शब्दालाच ओळखतो आणि पुढे जातो. त्यामुळे असेल, पण लंडनमध्ये एका घरासमोर मान वर करून मी निळ्या गोल फलकावरची अक्षरं वाचली, तेव्हा नावाच्या आधी नजरेत भरलं ते ‘इथे’. लोकमान्य टिळक, १८५६-१९२०, भारतीय देशभक्त आणि तत्त्ववेत्ते, इथे राहत होते, १९१८-१९१९. मनाई नाही, दंड नाही. नुसतंच इथे.

टिळक त्या हाउली प्लेसच्या घरात हौसेनं राहिले नव्हते. चिरोल नावाच्या इंग्रज पत्रकारानं त्यांना भारतीय असंतोषाचे जनक म्हटलं होतं, आणि ते काही कौतुकानं नव्हे. त्याच्यावर अब्रूनुकसानीचा दावा लढवायला ते विलायतेत आले आणि दावा हरले. (शिवी आपण पदवी करून टाकली, हा चिरोलचा खरा पराभव.) फलकावर यातलं अवाक्षर नाही. हायगेटला क्रॉमवेल अव्हेन्यूवर सावरकरांचा फलक आहे, त्यावरही विशेषण तेच: भारतीय देशभक्त आणि तत्त्ववेत्ते. ज्या शहरात व्हिक्टोरिया स्टेशनवर त्यांना १९१० साली पकडलं, ते शहर आता शांतपणे सांगतं की ते इथे राहत होते. किंग हेन्रीज रोडवर आंबेडकरांना निदान वेगळी ओळ मिळाली आहे, सामाजिक न्यायासाठी लढणारे म्हणून. ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं विकतच घेतलं, त्यामुळे तिथलं ‘इथे’ आता दार उघडून आत जाता येण्यासारखं आहे.

माझी मामेबहीण लंडनमध्ये बरीच वर्षं आहे. टिळकांच्या घरासमोर मी पंधरा मिनिटं उभी राहिले, तेव्हा ती म्हणाली, “ताई, तू घर बघायला आलीस की पाटी?”

पाटी, हे मला तेव्हाच कळलं. घर मी बघितलंच नव्हतं. आज कुणी विचारलं तर दाराचा रंगसुद्धा सांगता येणार नाही.

म्हणून रविवारी तिनंच ठरवलं की मला सिटीत न्यायचं. सिटी म्हणजे लंडन शहर नव्हे, तर लंडनच्या पोटातलं मूळ लंडन, रोमनांनी तटबंदी घातलेला जेमतेम एक चौरस मैलाचा तुकडा. आता तिथे बँका आणि विमा कंपन्या. ही तिथेच नोकरी करते. रविवारी तो भाग इतका रिकामा असतो की आपल्याच बुटांचा आवाज येतो. पाट्या वाचणाऱ्या माणसासाठी याहून चांगला वार नाही, कारण मागून कुणी ढकलत नाही.

त्या निळ्या गोल फलकांची कथा थोडक्यात अशी. १८६३ मध्ये विल्यम युअर्ट या खासदारानं पार्लमेंटात सुचवलं की थोर माणसं राहिली त्या घरांवर तशी नोंद लावावी. सोसायटी ऑफ आर्ट्सनं ते मनावर घेतलं. पहिला फलक १८६७ मध्ये होल्स स्ट्रीटवर लागला, कवी बायरनच्या जन्मघरावर. १८८९ मध्ये ते घरच पाडलं. म्हणजे या सगळ्या खटाटोपाचं पहिलं ‘इथे’ बावीस वर्षं टिकलं. आता ही योजना चालवणाऱ्यांनी नियम कडक केलेत: माणूस जाऊन किमान वीस वर्षं झालेली असावीत आणि ज्या वास्तूशी त्याचा संबंध, ती वास्तू उभी असावी. शहाणपणाचा नियम आहे. पण सिटीत हा नियम लावला तर हाती काय लागेल? १६६६ च्या आगीत तिथली तेरा हजारांवर घरं आणि सत्त्याऐंशी देवळं जळाली. उरलेल्याची वासलात पुढच्या शतकांतल्या बिल्डरांनी आणि १९४० च्या बॉम्बांनी लावली. त्यामुळे सिटीच्या महापालिकेचे फलक निराळे. निळेच, पण चौकोनी, आणि बहुतेकांची सुरुवात ‘अमुक अमुकची जागा’ अशी. सोसायटीच्या जुन्या मालिकेतला गोल फलक त्या अख्ख्या चौरस मैलात एकच, गॉफ स्क्वेअरमध्ये कोशकार डॉक्टर जॉन्सनच्या घरावर, कारण ते घर अजून आहे. बाकी सगळीकडे घर नाही, जागा आहे. चर्च होतं, त्याची जागा. खाणावळ होती, तिची जागा. असे पाच-सहा फलक ओळीनं वाचले की आपण गावातून नव्हे, गावाच्या मृत्युलेखांतून चाललोय असं वाटायला लागतं.

सुरुवात सेंट पॉल्स स्टेशनजवळ झाली. पॅन्यर अ‍ॅलीचा दगड तिथे भिंतीत बसवलाय. एक उघडा पोरगा टोपलीवर बसलाय, चेहरा झिजून सपाट झालेला, आणि खाली दोन ओळींचं यमक: सारं शहर धुंडाळलंत तरी सगळ्यात उंच जमीन हीच. तारीख २७ ऑगस्ट १६८८. माझी बहीण या स्टेशनात रोज उतरते. “मी हा कधी बघितलाच नाही,” म्हणाली आणि लगेच फोन काढून बघायला लागली. मग हसली. सिटीतली सगळ्यात उंच जागा ही नाहीच. कॉर्नहिल थोडीशी जास्त उंच आहे. शिवाय दगडही मूळ जागेवरून हललेला. म्हणजे विधान चूक, ठिकाण चूक, आणि तरी सव्वातीनशे वर्षं दगड छाती काढून उभा. मला तो फार आवडला. खोटं बोलणाऱ्या म्हाताऱ्यांबद्दल जी माया वाटते तसली.

तिथून पाच मिनिटांवर पोस्टमन्स पार्क. नावावरून वाटतं तसं काही भव्य नाही, तीन चर्चांच्या जुन्या दफनभूमी एकत्र करून केलेली छोटी बाग. जवळच टपाल खात्याचं मुख्य कार्यालय होतं, पोस्टमन डबा खायला इथे येत, म्हणून हे नाव. बागेच्या एका कडेला लाकडी छपरी आहे, वळचणीसारखी, आणि तिच्या मागच्या भिंतीवर चिनी मातीच्या फरशा जोडून केलेल्या पाट्या. जी. एफ. वॉट्स या चित्रकारानं १८८७ मध्ये वर्तमानपत्राला पत्र लिहून सुचवलं होतं की राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाल्याचा सोहळा करताय, तर दुसऱ्याचा जीव वाचवताना मेलेल्या सामान्य माणसांचं स्मारक करा. कुणी दाद दिली नाही. शेवटी १९०० मध्ये त्यानं स्वतःच ते उभं केलं.

इथे मात्र मी बसलेच. बाकाची सोय आहे म्हणून नव्हे. या पाट्या उभ्यानं वाचवत नाहीत.

एकीवर सारा स्मिथ, नाटकमंडळीतली नटी. १८६३ च्या जानेवारीत मैत्रिणीच्या कपड्यांनी पेट घेतला, तो विझवायला ही स्वतःच्या भडकन पेटणाऱ्या पोशाखात धावली. पाटीवर ‘ज्वालाग्राही पोशाखात’ असंच लिहिलंय. शोकाच्या मजकुरात ‘ज्वालाग्राही’ हा शब्द घालणारा माणूस एक तर अत्यंत रुक्ष असावा, नाहीतर अत्यंत प्रामाणिक. मला दुसरं वाटतं. आपल्याकडे तिथे वीरांगना वगैरे आलं असतं आणि पोशाख गेला असता, आणि पोशाखाबरोबर ती बाईही.

त्याच भिंतीवर अ‍ॅलिस एअर्स. गवंड्याच्या हाताखालच्या मजुराची मुलगी, असं पाटी सांगते. बाप इतका खालचा की त्याचा हुद्दाही दुसऱ्याच्या हुद्द्याला टांगलेला. २४ एप्रिल १८८५, बरोमधल्या युनियन स्ट्रीटवर जळत्या घरातून तीन मुलं वाचवली, स्वतःच्या कोवळ्या जिवाचं मोल देऊन. एवढंच. पाटीवर नाही ते असं: ती पंचवीस वर्षांची होती. बहिणीच्या घरी राहून तिची मुलं सांभाळायची. खाली तेल आणि रंगाचं दुकान होतं, ते पेटलं. तिनं खिडकीतून पिसांची गादी खाली फेकली आणि एकेक करत तिन्ही भाच्या तिच्यावर सोडल्या. स्वतःची पाळी आली तेव्हा अंगात त्राण नव्हतं. ती पडली ती दुकानाच्या पुढे आलेल्या पाटीवर आदळून, गादी चुकली. दोन दिवसांनी गेली.

दुकानाच्या पाटीवर. हे मी बहिणीला सांगितलं आणि आम्ही दोघी जरा वेळ काही बोललो नाही.

नंतर ती म्हणाली, “पण हे इथे नाही घडलेलं.” बरोबर. युनियन स्ट्रीट नदीपलीकडे आहे. त्या भिंतीवरच्या चौपन्न पाट्या या बागेत घडलेल्या कशाबद्दलच नाहीत. कुणी नदीत बुडालेलं, कुणी रेल्वेखाली, कुणी आगीत, सगळी शहरभरची. इथे फक्त त्यांची नावं एकत्र येऊन बसली आहेत, पावसात छपरी गाठावी तशी. ‘इथे’ नसलेला फलकही चालतो, हे तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. आणि पलीकडे, जिथे खरंच ते घडलं, तिथल्या एका गल्लीचं नाव १९३६ मध्ये बदलून एअर्स स्ट्रीट केलं. रस्त्याची पाटी हा सुद्धा फलकच, फक्त तिला वर्ष आणि कारण सांगायची परवानगी नसते.

स्मिथफील्डच्या वाटेवर गिल्टस्पर स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एक गुटगुटीत सोनेरी पोरगा भिंतीत उभा आहे, हातांची घडी घालून. हा आगीची सीमा दाखवतो: १६६६ ची आग पुडिंग लेनपासून निघून इथे पाय कॉर्नरला थांबली. आता पुडिंग आणि पाय, दोन्ही खायचे पदार्थ. एवढ्यावरून कुणीतरी निष्कर्ष काढला की ही आग शहराच्या खादाडपणाची शिक्षा होती, आणि तो निष्कर्ष या पोराच्या नावे कोरलाही. म्हणून तो गुटगुटीत. वाचून आम्ही मनसोक्त हसलो. पण शहर जळल्यावर ज्यांनी पापाचा ठपका पुडिंगवर ठेवला, ते लोक त्यातल्या त्यात सज्जन म्हणायचे. का ते पुढे.

कॉर्नहिलच्या मागे गल्ल्यांचं जाळं आहे. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरावं इतक्या अरुंद. सेंट मायकल्स अ‍ॅलीत भिंतीवर फलक: लंडनमधलं पहिलं कॉफीगृह इथे उभं होतं, पास्क्वा रोझेच्या डोक्याच्या खुणेखाली, १६५२. हा रोझे स्मर्नाहून एका व्यापाऱ्याबरोबर आलेला नोकर. मालकाला कॉफी करून द्यायचा, मालकाच्या घरी त्यासाठी गर्दी व्हायला लागली, म्हणून वेगळी टपरी टाकली. खुणेला स्वतःचंच डोकं रंगवून लावलं. पुढे याच गल्ल्यांमधल्या कॉफीगृहांत शेअर दलालांचे आणि जहाजांच्या विम्याचे धंदे जमले, आणि आज माझी बहीण ज्या काचेच्या इमारतीत बसते तिचं मूळ शोधत गेलं तर वाट अशाच कुठल्यातरी कपाकडे जाते. ती रोज दुपारी या गल्लीतून जेवायला जाते म्हणे. फलक डोक्याच्या थोडा वर आहे. ती रोज खाली फोनकडे बघत जाते. मी काही बोलले नाही, पण तिला कळलं.

आणि मग पुडिंग लेन.

आधी त्या आगीचा खांब लागतो, मॉन्युमेंट. रेन आणि हुक या वास्तुकारांनी बांधलेला, २०२ फूट उंच, १६७७ मध्ये पुरा झालेला. उंची २०२ का, तर आग जिथे सुरू झाली त्या बेकरीपासूनचं अंतर तेवढंच. खांब आडवा पाडला तर टोक आगीच्या जागेवर यावं असा हिशोब. इतक्या काटेकोरपणे ‘इथे’ म्हणणारं दुसरं स्मारक मला माहीत नाही. खाली लॅटिनमध्ये सगळी हकिकत. तिच्या शेवटी १६८१ मध्ये एक ओळ जोडली गेली: ही भयंकर कृत्यं करणारं पोपपंथी वेड अजून शमलेलं नाही. म्हणजे आग कॅथलिकांनी लावली. कॅथलिक राजा दुसरा जेम्स गादीवर आला, ओळ गेली. प्रोटेस्टंट विल्यम आला, ओळ पुन्हा कोरली. १८३० मध्ये ती कायमची खोडली. एकाच दगडावर एवढी खाडाखोड म्हणजे शाळकरी पोराच्या पाटीलाही लाजवणारी.

त्याच १६८१ मध्ये दुसरा दगड बसला तो थेट बेकरीच्या जागेवर. त्याचा मजकूर ‘इथे’नंच सुरू होतो. इथे, स्वर्गाच्या परवानगीनं, या प्रोटेस्टंट शहरावर नरक तुटून पडला. क्रूर पोपपंथीयांच्या दुष्ट हृदयांतून, त्यांचा हस्तक ह्यूबर्ट याच्या हातून, ज्यानं गुन्हा कबूल केला आणि जो फाशी गेला. खाली मेयरचं नाव, कुणाच्या कारकिर्दीत बसवला ते. हे वाचून मला श्रवणबेळगोळ आठवलं. श्रीचावुण्डराजें करवियलें. आपल्या भाषेतल्या अगदी जुन्या कोरीव ओळींपैकी ही एक, आणि तीही काय सांगते, तर हे कुणी करवलं! काय घडलं यापेक्षा दगड कुणाच्या काळात बसला हे सांगायची घाई सगळ्याच देशांत.

ह्यूबर्ट हा रॉबर्ट ह्यूबर्ट नावाचा फ्रेंच घड्याळजी, डोक्यानं बहुधा अधू. आपणच आग लावली असं तो सांगत सुटला. ऑक्टोबर १६६६ मध्ये त्याला टायबर्नला लटकवलं. त्याच्याविरुद्धच्या आरोपपत्रावर ज्यांची नावं होती त्यांत बेकर टॉमस फॅरिनर, त्याचा मुलगा आणि मुलगी. भट्टी ज्यांची, तेच फिर्यादी. नंतर ज्या जहाजातून ह्यूबर्ट आला त्याच्या कप्तानानं सांगितलं की आग लागून दोन दिवस झाले तरी हा माणूस जहाजावरून उतरलाच नव्हता. आणि फाशीनंतर पंधरा वर्षांनी त्याचं नाव दगडात कोरलं गेलं.

तो दगड अठराव्या शतकाच्या मध्याला काढला. पश्चात्तापानं असेल असं तुम्हाला वाटेल, मलाही वाटलं होतं. तर तसं नाही. वाचायला इतके लोक थांबायचे की गल्ली तुंबायची. रहदारीला अडथळा! खोटा आरोप सत्तर वर्षं चालला, गाड्यांचा खोळंबा चालला नाही. पुढे तो दगड तिथल्याच एका घराच्या तळघरात सापडला आणि संग्रहालयात गेला.

आता पुडिंग लेनमध्ये जो फलक आहे तो १९८६ चा. बेकरांच्या संघटनेनं आपल्या सनदेच्या पाचशेव्या वर्षानिमित्त लावलेला. त्याच सुमाराला त्यांनी आगीबद्दल शहराची माफीही मागितली, तीनशे वीस वर्षांनी. मजकूर साधा: या जागेजवळ राजाचा बेकर टॉमस फॅरिनर याचं दुकान होतं, जिथून सप्टेंबर १६६६ ची आग सुरू झाली. पोप नाही, नरक नाही, ह्यूबर्ट नाही. आणि ‘इथे’ गेलं. त्याच्या जागी ‘जवळ’ आलं.

मी तो शब्द दोनदा वाचला. दिवसभरात भेटलेल्या सगळ्या फलकांपैकी मला हा जास्त विश्वासाचा वाटला, आणि तो या एका शब्दामुळे. ‘इथे’ म्हणणाऱ्या दगडानं निरपराध माणसाला दोनदा मारलं. ‘जवळ’ म्हणणाऱ्यानं निदान हात आखडता घेतला.

पण त्याच्यावरही एक नाव नाही. फॅरिनरच्या घरची मंडळी त्या रात्री वरच्या खिडकीतून शेजारच्या छपरावर उतरून वाचली. मोलकरीण भीतीनं उतरली नाही. आगीचा पहिला बळी ती. तिचं नाव कुणी टिपून ठेवलं नाही, त्यामुळे आता कुणाच्या मनात आलं तरी कोरता येणार नाही. सकाळी बागेत अ‍ॅलिसची पाटी वाचताना तो खिडकीचा चौकोन माझ्या डोळ्यांसमोर होता. पुडिंग लेनमध्ये तोच पुन्हा आला, आणि या खेपेला त्यात उभ्या बाईला चेहराही नव्हता.

“म्हणजे बेकरी नक्की कुठे होती?” बहिणीनं विचारलं. आता तिलाही खुमखुमी आली होती. तिनं फोनवर शोधलं. २०१६ साली एका इतिहासकारानं सतराव्या शतकातला एक आराखडा आजच्या नकाशाशी जुळवून दाखवलं की बेकरीची जागा आजच्या पुडिंग लेनमध्ये येत नाही, तिला छेदणाऱ्या मॉन्युमेंट स्ट्रीटवर येते. तो रस्ता पुष्कळ नंतर काढलेला. म्हणजे भट्टी रस्त्याखाली.

आम्ही कोपऱ्यावरून वळलो. ती फोन आडवा-उभा करत पुढे, मी मागे. “इथे,” ती म्हणाली. मग दोन पावलं डावीकडे. “नाही, इथे.” मी खांबाकडे बघून २०२ फूट डोळ्यांनी मोजायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही. भर रस्त्यात दोघी खाली बघत उभ्या. दगडी फरसबंदी होती, त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

मागून सायकलची घंटी वाजली. एकदा, मग पुन्हा, जरा चिडून. आम्ही बाजूला झालो.